चढावर दमणाऱ्या गाडीच्या शेठजींना

प्रिय शेठजी,

तुमचं नाव सईनं तीनदा सांगितलं, पण माझ्या तोंडात बसेना. शेठजी म्हणते, चालेल ना? मी सईची आजी, मुक्काम सनीव्हेल, अमेरिका. चौथी शिकलेय, अक्षर सांभाळून घ्या. आज सर्वपित्री. तुमचं पान वाढून तास होत आला, कावळा कुंपणावर बसलाय, पण शिवत नाही. तुमच्या मनात काय राहिलंय, ते विचारायला लिहितेय.

आमच्या ह्यांच्या पानावरचा वडा त्यानं ठेवल्या ठेवल्या उचलला. ह्यांना भुकेचा धीर कधी होता?

रविवारी तुमच्या डोंगरगाडीत बसलो. काय मजा आली म्हणून सांगू! धूर, शिट्टी, ढगापर्यंत झाडं. गाडीतला माणूस तुमच्या कंपनीची कहाणी सांगायचा आणि सई ती मला मराठीत. पणजोबांच्या काळात तुम्ही लाकूड खाली आणायला डोंगरावर रूळ टाकलेत, आणि रूळ वर पोचेपर्यंत तोडायचं लाकूडच संपलं. अहो, आधी वर जाऊन बघायचं तरी! मग हवा खायला येणारी माणसं बसवलीत. चढ आला की इंजिन दमायचं. माणसं उतरून चालायची, गाडीच्या आधी वर पोचायची आणि हसत बसायची. कंपनी बुडाली, गाडी आता हौशी लोक चालवतात. तुमच्या मागे मूलबाळही नाही म्हटल्यावर मला राहवेना. तुमचंही पान वाढलं. गोत्र ठाऊक नव्हतं, 'रेल्वे' म्हटलं.

सई म्हणाली, "आजी, ही इज नॉट इव्हन फॅमिली."

"म्हणूनच गं. त्यांना दुसरं कोण वाढणार?"

कावळा शिवल्याशिवाय आमच्यात कुणी जेवत नाही. माझा संजू पोट धरून फिरतोय. "आई, मीटिंग आहे. शेठजींना काहीतरी कबूल कर आणि मोकळं कर."

सूनबाईनं दारातून सांगून पाहिलं, "इंजिनाला नवा रंग लावायला मदत करू." कावळ्यानं मान फिरवली. संजू म्हणाला, "ऑफिसातल्या सगळ्यांना घेऊन येऊ." ढिम्म.

लिहिता लिहिता मला उमगलं. लोक हसले ते नसेल हो खुपलं. तिकीट काढलेलं माणूस डोळ्यांदेखत उतरून चालू लागलं, ते खुपलं असेल. माझ्या पंगतीतून कुणी अर्ध्या ताटावरून उठलं की मलाही असंच होतं.

दारात जाऊन मी मोठ्यानं शब्द दिला. कावळा उतरला, आधी खीर, मग वडा. संजू ताटावर बसलासुद्धा.

तोच शब्द लिहूनही देते. येत्या रविवारी पुन्हा येतेय. गाडी चढावर थांबो, सगळे उतरोत, संध्याकाळ होवो, मी बाकावरून उठणार नाही. डबा बरोबर आणते.

तुमची पॅसेंजर,
सईची आजी