म्हसोबाभोवतीचं रिंगण

आश्विन शु. १०, दसरा, शके १८६८
आज आमच्या रानात ट्याक्टर आला! माझ्या माणिकनं देशमुखांकडून नुसता बघायला मागून आणला. सूनबाई गोदानं हळदकुंकू लावलं, मी झेंडूचा हार. मागची चाकं माझ्या डोक्याबराबर, बाई! नवा बैल आणला की रानातल्या म्हसोबाला पाच फेरे घालतो, मग ह्याला काहून न्हाई? डायवर म्हणे, "अम्मा, जमीन गीली है." म्हणलं, देवाच्या कामाला कसलं ओलं नि कोरडं! घातलेच पाच. मला हसू आवरंना.
माणिक म्हणतो, आता बैलजोडी ठेवून काय करायचं, जवळ्याच्या बाजारात विकू. मी खुशीत व्हय म्हणून बसले.

आश्विन व. ८
ज्वारीची पेरणी. बाकी रान ठीक. म्हसोबापाशी तिफन वरवर घसरायला लागली, फण शिरंना. हरण्या नि चांद्या, दोन्ही बैल थांबून मागं बघून राहिले. गोदा म्हणे, "आत्याबाई, म्हसोबा नारळ मागून राहिला." दिला. तरी न्हाई.

कार्तिक शु. १२
ज्वारी वीतभर झाली. म्हसोबाभोवती मात्र चाकाएवढे रुंद दोन गोल पट्टे, उघडे. मधी एखादी पिवळी काडी. परवाच्या पावसाचं पाणी तिथंच साचलेलं. गोधडीचं दाभण नेलं. बाजूच्या मातीत मुठीपर्यंत गेलं, पट्ट्यात बोटभर. कुदळीनं ढेकूळ काढलं, तर वीट! गांडूळ एक न्हाई. मेल्या डायवरनं माझं रान दाबून मारलं. येऊ दे पुन्हा.
(गोदाकडून कढीत मीठ जास्त झालं. मी बोलले न्हाई. आज राग दुसरीकडं हाय.)

कार्तिक शु. १३
काल रात्री माणिकशी भांडले. म्हणलं, जोडी विकायची न्हाई.
"आई, डायवर सांगत व्हता ओलं हाय म्हणून. फेरे कोणी घालायला लावले?"
भाकरी करपली.
झोपताना सुचलं. चुकलं माझं, कबूल. पण हरण्याला फेरे घाल म्हणले असते तर तो चिखलात गेलाच नसता. पाय रुतला की थांबतो, मारा न्हाईतर ओरडा. ट्याक्टरला पाय कुठं. त्याला माणसानं सांगावं लागतं, अन् सांगणारं माणूस माझ्यासारखं निघालं तर मग? सकाळी माणिकला हे बोलले. हसला. माझ्या अंगाचा तिळपापड!

कार्तिक व. २
जवळ्याचा बाजार. माणिक जोडी घेऊन निघणार व्हता. पहाटेच माणिकला चपला काढायला लावून म्हसोबापाशी नेलं. दाभण हातात दिलं. "तूच टोच." टोचलं. जोर केला. दाभण वाकलं. माझं चांगलं दाभण!
पायानं पट्टा चाचपत उभा राहिला. मग घरी आला.
आता गोठ्यात हरण्याचं दावं धरून उभा हाय. सोडायला का बांधायला, इथून दिसंना. गोदाला म्हणलं, जाऊन बघ. म्हणे, "तुमीच जा."