आमचे हे गेले, म्हणजे वारले

परवा दारात आधी आली ती मोजणीवाली बाई, मागून तिचे साहेब आणि सगळ्यात शेवटी कॅमेरावाला, असं मी लिहायला घेतलं तर वकील म्हणाले, "आजी, आधी डोकं ठिकाणावर आहे ते लिहा." तर आहे. मी, वय अठ्ठ्याहत्तर, शाळा जेमतेम तिसरीपर्यंत, कुणाचा दाब नसताना, चष्मा पुसून, स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहिते.

एक. घर. ते आमच्या दोघांच्या नावावर होतं, ह्यांच्यामागे माझ्या एकटीचं. इथेच घोडं अडलंय. दोन वर्षांमागे हीच बाई घरोघर विचारत आली, कामाला कोण कुठे जातं. ह्यांना जाऊन तेव्हा महिना झाला होता. मुलगा शहरात. "आणि आजोबा?" मी म्हटलं, "गेले." "कधी?" "सकाळीच गेले हो, सातच्या सुमाराला." तिने लिहिलं: रोज सकाळी सातला शहरात. मी बिनचष्म्याची सही ठोकून मोकळी.

ह्यांनी जन्मात शहराचं तोंड पाहिलं नाही. दारात सायकली दुरुस्त करायचे, चाक फिरवत म्हणायचे, "शहराला गरज असेल तर येईल इकडे." आलंच की. मधल्या माळावर आधी गोदामं, मग इमारती. आता शहर कुठे संपतं ते शहरालाही सांगता यायचं नाही. निम्म्याहून जास्त कामकरी माणसं शहरात जात असली तर ती वस्ती महानगरात धरतात म्हणे. आमची एका माणसाने वर गेली. तो एक माणूस म्हणजे आमचे हे!

महानगर झालो म्हणून कोपऱ्यावर बस आली. बस आली म्हणून नर्सिंग शिकणारी माझी नात वसतिगृह सोडून घरी राहायला आली. संध्याकाळी ती पायऱ्यांवरूनच "आजी, भूक!" ओरडते, तेव्हा मला दुसरं काही नको असतं. घर तिला. ह्यांचे सायकलीचे पाने, पंप आणि पंक्चरची पेटीही तिलाच, चेन बसवता येते ती तिलाच.

दोन. मुलाला खाट. तो घरी येतो तो झोपायलाच. राग नाही, बसला गर्दी असते.

तीन. परवाचं लिहिते, नाहीतर रात्री डोळा लागत नाही. साहेब म्हणाले, "सगळ्यात वयस्कर रोजचे प्रवासी म्हणून आजोबांचा सत्कार करायचाय. आहेत का?" मी बसकडे बघितलं आणि म्हटलं, "गेले." ह्या वेळी मात्र मला पुरतं ठाऊक होतं मी काय बोलते ते. एका बसपायी मी ह्यांना दुसऱ्यांदा घालवलं, तेही शहरात. खरं सांगावं तर एक माणूस कमी, वस्ती खाली, बस बंद, पोर पुन्हा वसतिगृहात. न सांगावं तर ह्या कागदावर मी विधवा आणि त्या कागदावर सवाष्ण.

चार. नणंदेला माझी मोठी कात्री, आणि "गावंढळ" हा शब्द तिचा तिला परत. चाळीस वर्षं जपून ठेवला होता. काल तिच्या शहरातल्या गणवेशाच्या कारखान्यात गेले. म्हटलं, "वन्सं, काजं-बटणं करायला बाई हवी का?" ती पोट धरून हसली. "वहिनी, आलीस ना शेवटी शहरात!" मग माझा हात धरून दिव्याखाली नेला, बोटं बघितली आणि म्हणाली, "काजं अजून तुझ्यासारखी कुणाला जमत नाहीत. सातची बस पकड." एक गेला, एक आली. आता मोजा म्हणावं.

मोजणीच्या कागदावर ह्यांच्या नावापुढे "वारले" लिहावं आणि खाली माझं नाव घालावं. शेजारच्या शिंप्याने साहेबांना एवढं सांगावं. पण नीट सांगावं. "आजी गेल्या" म्हणू नये, "आजी कामाला गेल्या" म्हणावं.

सही: (चष्मा लावून)
साक्षीदार: शेजारचा शिंपी; निवृत्त पोस्टमन. दोघांनी मला सही करताना पाहिलं, चहाही घेतला.
ठिकाण: पूर्वी गाव, आता महानगर, माझी बाहेरची खोली.
दिनांक: महिन्याची बारा, मंगळवार. मोजणीचे लोक सत्काराला गुरुवारी सकाळी आठला येतो म्हणालेत.