होडीच्या तळाची पट्टी

प्रिय खारूताई,

सहा वर्षांच्या मुलीच्या आईला अशा नावाने हाक मारू नये, हे मला कळतं. पण तुझं खरं नाव कागदावर लिहिलं की शाळेचा दाखला भरतोय असं वाटतं, तेव्हा चालवून घे. अक्षर वाकडंतिकडं आलं असेल तर तो म्हातारपणाचा दोष नाही, चिकटवायच्या सोल्युशनचा आहे. जुनं सोल्युशन गरम करून खरवडताना सकाळपासून दोन बोटं एकमेकांना चिकटून बसली होती, ती आत्ता लिहायला बसण्याआधी कशीबशी सुटली.

तर बातमी अशी की आपली होडी मी पालथी घातलीय. गॅरेजमध्ये, दोन स्टुलांवर जुन्या गाद्या टाकून. उलटवायला शेजारचे ड्रायव्हरकाका आले होते. ते आता बस चालवत नाहीत, दिवसभर खिडकीत बसून दुसऱ्यांच्या गाड्यांना नावं ठेवतात. जाताना त्यांनी सहज विचारलं, तुमची मुलगी असायची ना होडीवर? मी म्हटलं, ती कामात असते. त्यांनी मान हलवली आणि चहासाठी थांबले नाहीत. दोन कप काढून ठेवले होते, त्यातला एक तसाच परत फडताळात ठेवला.

तळाची पट्टी बदलायची आहे. ती काय असते हे तुला सांगायची गरज नाही, पण तुझ्या लेकीला कधी वाचून दाखवावंसं वाटलं तर असू दे. होडीच्या पोटातून खाली पाण्यात एक फळी सोडतात. ती असली म्हणजे वाऱ्याने होडी आडवी सरकत नाही. त्या फळीसाठी तळाला लांब फट ठेवलेली असते, आणि फटीतून पाणी आत उसळून होडीचा वेग खाऊ नये म्हणून तिच्यावर शिडाच्या कापडाची पट्टी चिकटवायची आणि मधोमध चिरायची. फळी चिरेतून खाली उतरते, पट्टीच्या दोन्ही कडा तिला बिलगून राहतात. काम एवढंसं, पण ते बिघडलं की सगळंच बिघडतं.

जुनी पट्टी काढायला दोन दिवस लागले. हेअर ड्रायरने ऊब द्यायची, टोक उचलायचं, बोटभर सोलायचं, परत ऊब द्यायची. खाली राहिलेलं सोल्युशन काढायला मी दवाखान्यातली हत्यारं वापरतोय, दातांवरचा थर काढायची. पेशंट मोठा गुणी आहे. दर दोन मिनिटांनी चूळ भरायला उठत नाही आणि दुखतंय असंही म्हणत नाही. चाळीस वर्षं मी लोकांच्या तोंडात हात घालून त्यांच्याशी गप्पा मारल्या. समोरच्याला 'आं' याखेरीज काही बोलता येत नाही, आणि आपल्याला वाटतं त्याला पटतंय. तुझी आई म्हणायची, घरीसुद्धा तुम्ही असेच बोलता. ती गेल्यापासून मी हत्यारांशी बोलतो, भिंतीशी बोलतो, परवा पोस्टमनला अक्कलदाढेवर पाऊण तास ऐकवलं. आता तो पत्र दाराखालून सरकवून पळतो.

तुला आठवतं का, हे काम आपण कसं करायचो? सोल्युशन दोन्हीकडे लावायचं, कापडाला आणि तळाला, आणि बोटाला चिकटेनासं होईपर्यंत दहा मिनिटं थांबायचं. मग एकदा टेकलं की टेकलं, उचलून पुन्हा लावायची सोय नाही. म्हणून माणसं दोन लागतात. मी पुढच्या टोकापासून दाबत यायचो, तू मागचं टोक ताणून धरून उभी. नऊ वर्षांची असशील. तुझं नाक नेमकं तेव्हाच खाजायचं. एकदा मीच माझ्या बोटाने खाजवलं आणि सोल्युशनचा गोळा तुझ्या नाकावर बसला. आईने तेल लावून लावून तो काढला आणि तोवर मला जे काही बोलली ते इथे लिहीत नाही. पण तू टोक सोडलं नव्हतंस. पट्टी लागली की चोवीस तास वजनाखाली ठेवायची, मगच चिरायची, हा आपला नियम होता.

नवी पट्टी कापायला आज मला चांगली कात्री हवी होती. माझ्या कात्र्या मी पत्रे कापून वाया घालवल्यात, म्हणून आईचा शिवणाचा डबा काढला. ती गेल्यापासून तो उघडला नव्हता. कात्री वरच होती. खाली बटणं, इलॅस्टिक आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी. कागदावर तिच्या अक्षरात तारीख होती, तिला प्रत्येक गोष्टीवर तारीख घालायची सवय होतीच. मी कागद उलगडला आणि तिथेच तिच्या पलंगावर बसलो. त्यात काय होतं ते सांगतो, पण आधी त्या रविवारचं सांगावं लागेल.

तो रविवार तू विसरली नसशील. तेरा वर्षं झाली. शर्यतीच्या संघासाठी निवड समितीचे दोघे तळ्याच्या धक्क्यावर उभे होते आणि तुझं नाव त्यांच्या यादीत होतं. मागून वारा होता म्हणून फळी वर ओढलेली. पिवळ्या बोयाला वळसा घातला की तोंड वाऱ्याकडे, म्हणजे फळी खाली हवी, आणि दोरी ओढून ती खाली घ्यायचं काम तुझं. मी ओरडलो, फळी! तू म्हणालीस, "बाबा, अडकलीये." मी म्हटलं, दोरी ओढ. होडी आडवी सरकत सरकत दगडी धक्क्यावर गेली, तुझं तोंड काठावर आपटलं आणि पुढच्या दाताचा कोपरा उडाला. वर आल्यावर समितीतल्या माणसाने विचारलं, काय झालं? तू तोंडावर रुमाल दाबून धरला होतास. मी सगळ्यांच्या समोर, वर हसत हसत म्हणालो, "हिचे हात ऐन वेळी गारठतात."

ती पट्टी मी आदल्या शुक्रवारी लावली होती. तुझी परीक्षा होती. तू म्हणाली होतीस, बाबा, उद्या दुपारपर्यंत थांबा, मी येते टोक धरायला. मला दम धरवला नाही. मागचं टोक गॅरेजच्या नळाला बांधलं आणि एकट्याने लावून मोकळा झालो. वर चोवीस तासही थांबलो नाही, त्याच संध्याकाळी चिरली. रविवारी सगळे पांगल्यावर होडी कलंडवून पाहिली, तर मागचं टोक सुटून फटीत दुमडलं होतं आणि फळीला घट्ट पाचर बसली होती. मला दोन्ही हातांनी ती हलेना. मी आजूबाजूला पाहिलं. कोणी नव्हतं. ब्लेडने वीतभर तुकडा कापला, खिशात घातला आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू माझ्या खुर्चीत होतीस. तो दात बसवायला मला चाळीस मिनिटं लागली. रंग असा जुळला होता की मलाच जोड दिसेना, तेवढं चांगलं काम मी पुन्हा कधी केलं नाही. तुझ्या गालात कापूस होता, आणि मी तुला मन शांत ठेवण्यावर, घाबरून न जाण्यावर व्याख्यान देत होतो. तुझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी विचारलं, दुखतंय का? तू मान हलवलीस, नाही. तेव्हा सांगता आलं असतं. सांगितलं नाही, कारण लाज वाटली. सगळ्या क्लबला होडीची दुरुस्ती शिकवणारा माणूस मी. यापेक्षा मोठं कारण मी खूप शोधलं, सापडलं नाही. महिन्याभराने तू क्लब सोडलास, पुढच्या वर्षी घर.

डब्यात तोच तुकडा होता. पँट धुवायला टाकताना आईला खिशात सापडला असणार. मला वाटत होतं तो कुठेतरी पडला. तिने इतकी वर्षं आपल्या घरात शिडं शिवली होती, तो कसला आहे हे तिला विचारायची गरज नव्हती. तिने मला एका शब्दाने काही विचारलं नाही. नंतर ती तळ्यावर येईनाशी झाली, मी समजायचो तिला कंटाळा आला. मी स्वतः कधीतरी तुला सांगेन, याची ती दहा वर्षं वाट पाहत राहिली असेल असं आता वाटतं, आणि त्या विचाराने आज माझं जेवण झालं नाही.

पण होडी मी मुळात का काढली, ते राहिलंच. गुरुवारी तुझ्या आत्याचा फोन आला होता. बोलता बोलता म्हणाली, तुझ्या लेकीच्या शाळेतल्या मुलांना होडीवर नेणार आहेत आणि तू परवानगीच्या कागदावर सही केली नाहीस. तिने कारण विचारलं तर तू म्हणालीस, पाण्यात तिला काही झालं तर मला हलता येणार नाही, माझे हात ऐन वेळी गारठतात, बाबांनाच विचार. गाडी चालवणंही तू त्यासाठीच सोडलंस, हे मला तिच्याकडून कळलं. म्हणून विचारल्यासारखं समज आणि हे माझं उत्तर. तो तुकडा या पाकिटात आहे. दुमडल्याची घडी अजून दिसते, घडीवर फळीचा निळा रंग लागलाय, नीट बघ. नवी पट्टी कापून ठेवलीय, पण चिकटवलेली नाही आणि या वेळी एकट्याने चिकटवणार नाही. तू यावंस असं म्हणायचा हक्क मला नाही, ये म्हणतही नाही. फक्त त्या कागदावर सही कर. त्या दिवशी तू दोरी तीनदा ओढलीस, शेवटच्या वेळी पाय काठाला लावून, सगळं अंग टाकून. मी मागे सुकाणूवर बसलो होतो. मी पाहिलं होतं.

अजूनही म्हणू देत असलीस तर तुझाच,
बाबा