धक्क्यावर न विचारलेला प्रश्न

बाबा,

शनिवारी मी एक बोट पाहिली. तुम्ही ती पाहिली असतीत तर धक्क्यावर उभं राहून चष्मा काढला असतात, पुसला असतात, पुन्हा लावला असतात आणि एक शब्दही न बोलता माघारी वळला असतात. ज्या गोष्टीवर टीका करणंही तुम्हाला कमीपणाचं वाटे, तिच्यासाठी ही रीत तुम्ही राखून ठेवली होती. मला ती कधी साधली नाही. मी बोलले, भरपूर बोलले, आणि जो एकच शब्द बोलणं भाग होतं तो तेवढा गिळला. तेव्हापासून मनात जी किळस साचून राहिली आहे, ती कोणासमोर मांडावी असा विचार केला, तर तिचं नेमकं मोजमाप करू शकेल असं तुमच्याशिवाय कोणी आठवलं नाही.

बोट माझ्या नवऱ्याच्या मित्राची. तो पुण्याचा, जपानी कंपनीत सॉफ्टवेअरच्या कंत्राटावर इथे नागोयात आलेला. त्याने ही बोट जुनी विकत घेतली, लहान बोटींचा परवाना काढला आणि त्या दिवसापासून स्वतःला कॅप्टन म्हणवून घेऊ लागला. तुम्ही जन्मभर परदेशी जहाजं मुंबई बंदरात आत आणलीत आणि बाहेर सोडलीत, तरी शेजाऱ्यांनी ‘कॅप्टनसाहेब’ म्हटलं की ‘पायलट’ अशी दुरुस्ती करत होतात. हा मनुष्य येत्या उन्हाळ्यात त्सुशिमा बेटावरून समुद्र ओलांडून कोरियाला जायचं म्हणतो. शनिवारची फेरी ही त्याची तालीम होती, आणि तिच्यात माझा नवरा आणि माझी पाचवीतली मुलगी जाणार होते. मी जाणार नव्हते. तुमची मुलगी असून मला बोट लागते, हे तुम्ही शेवटपर्यंत मनाला लावून घेतलं होतंत.

धक्क्यावर पोचल्यावर मी बोटीत उतरून सगळं तपासलं. नारळ फोडलेला होता, त्याचं पाणी होकायंत्राच्या काचेवर सुकून चिकट झालं होतं. इंजिनावर स्वस्तिक, सुकाणूला लिंबू-मिरची. अंगावर घालायची लाइफ जॅकेटं मात्र दुकानातल्या प्लास्टिकमध्ये तशीच गुंडाळलेली, बिअरच्या खोक्याखाली. अग्निशामकाची मुदत संपलेली, आणि त्याच्याच शेजारी चहासाठी आणलेली गॅसची छोटी शेगडी, बंद केबिनमध्ये. नांगराचा दोर छान वेटोळं करून ठेवलेला. त्याचं दुसरं टोक शोधलं, तर ते बोटीला बांधलेलंच नव्हतं. मी मोटारींच्या ब्रेकमधले दोष शोधण्याचं काम करते. क्योतोत त्यावरच डॉक्टरेट केली. आमच्याकडे असा सुटा भाग कोणी पुढे पाठवला, तर त्याच्याशी लोक आठवडाभर नीट बोलत नाहीत.

“हा दोर बांधलेला नाही,” मी म्हटलं.

“वहिनी, तुम्ही आलात की आमची बोट ऑडिटलाच लागते,” तो हसला. “अहो, नांगर टाकायचाय कोणाला? फिरून यायचंय.”

“आणि रेडिओ?”

“मोबाइल आहे ना! तुझ्या बायकोला क्वालिटी-सान म्हणायला हवं रे,” हे माझ्या नवऱ्याला. तोही हसला. सत्तर टक्के गुणांवर समाधानी असणाऱ्या माणसांचं एक विशिष्ट हसू असतं, ते मी लग्नानंतर ओळखायला शिकले.

आधी ही बोट एका चांगल्या मरीनात असे. तिथून त्याने ती हलवली, कारण तिथली माणसं प्रत्येक वेळी कुठे जाणार आणि कधी परतणार हे विचारत. “शाळेत असल्यासारखं वाटतं,” तो म्हणाला होता. म्हणून आता नदीच्या मुखाशी कोणाच्या तरी खाजगी धक्क्यावर ती उभी असते, आणि तिथे कोणी काही विचारत नाही. परक्या देशात येऊन इतकी चांगली शिस्त विनासायास मिळत असताना माणूस तिच्यापासून पळायला वेगळं भाडं भरतो, याला मला मराठीत शिवीखेरीज शब्द सुचत नाही. मी दोर स्वतः बांधायला वाकले, तर त्याने तो माझ्या हातून हलकेच काढून घेतला, “बांधतो हो मी, जाता जाता.” मुलीसाठी मी तिच्या मापाचं केशरी जॅकेट विकत घेऊन आले होते, ते तिच्या अंगावर चढवलं आणि पट्टे ओढून पाहिले. तिला मी त्याच वेळी उतरवायला हवं होतं, हे तुम्ही आत्ता म्हणाल. म्हणा. पण ती आठवडाभर या दिवसाचे बेत करत होती, आणि मला प्रत्येक आनंदात खोट काढणारी आई व्हायचं नव्हतं.

निघताना मी तोंड उघडलं. “कुठे—” इतकंच बाहेर पडलं, आणि माझं मनगट कोणीतरी धरलं. मित्राच्या आईने. या काकू तीन महिन्यांसाठी पुण्याहून मुलाकडे आलेल्या, त्या दिवशी माझ्यासोबत किनाऱ्यावर थांबणार होत्या.

“अगं, निघताना कुठे विचारू नये. इतकी शिकलेली तू. लांब का, असं विचारावं.”

“लांब नाही गं आई, इथेच,” तो बोटीतून ओरडला. “जेवायला येतोच!”

मुलगी बोटीच्या कठड्याला धरून माझ्याकडे बघत उभी होती. मी हात हलवला. बोट गेली.

तुम्हाला आपलं दार आठवत असेल. तुमची बॅग भरलेली, बूट चढवलेले, आणि तुम्ही कडीला हात न लावता थांबलेले. मी अभ्यासावरून उठून येते आणि विचारते, “कुठे?” तुम्ही सांगता: कोणतं जहाज, कोणती गोदी, किती वाजता घरी. आणि मग नेहमीचं वाक्य, “त्यानंतर एक तास वाट बघ, मग बंदरात फोन कर. तासाच्या आत केलास तर घाबरट, नंतर केलास तर निष्काळजी.” आई स्वयंपाकघरातून म्हणते, “पोरीकडून काय अभद्र वदवून घेता!” एकदा तिनेच मला पढवलं, म्हणून मी तुम्हाला ‘लांब का?’ विचारलं. तुम्ही बॅग खाली ठेवलीत, बूट काढलेत आणि खुर्चीवर जाऊन बसलात. बंदरात जहाज खोळंबलं असेल, तरी बसलात. “अर्धा प्रश्न विचारलास तर मी अर्धाच परत येईन,” म्हणालात. मी रडत रडत पूर्ण प्रश्न विचारला, तेव्हा उठलात. आईने त्या दिवशी तुम्हाला डबा हातात दिला नाही, दाराशी ठेवला.

तर शनिवारी जेवणाची वेळ गेली. काकूंनी थालीपिठं केली होती; ती त्यांनी गाडीच्या बोनेटवर मांडली, झाकली, पुन्हा उघडून पाहिली. वारा वाढला. दोघांचेही फोन लागेनात. “रमले असतील,” काकू म्हणाल्या. “पुरुषांना भान असतं का.” मला तासाचा नियम पाळायचा होता, पण तास मोजायचा कुठून? येण्याची वेळच कोणी सांगितलेली नव्हती. ‘जेवायला’ ही वेळ नव्हे. शेवटी मी सागरी बचाव दलाला फोन केला. पलीकडचा आवाज तरुण, विलक्षण सभ्य होता. बोटीचा रंग? सांगितला. किती माणसं? सांगितलं. मुलीच्या जॅकेटचा रंग, उंची, सगळं अचूक. मग त्याने विचारलं, “कुठे जायला निघाले होते?”

बाबा, माझं जपानी उत्तम आहे. भर सभेत मी जपानी अभियंत्यांची वाक्यं दुरुस्त केलेली आहेत. त्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला कोणत्याच भाषेत देता येईना. त्याने पुन्हा, अधिकच सभ्यपणे विचारलं, “अंदाजे कोणत्या दिशेला?” आणि मी अंदाज दिला. धक्क्यावर येताना गाडीत तो मित्र, समुद्रातून विमानं उतरताना कशी दिसतात, याविषयी बोलत होता. म्हणून मी विमानतळाची बाजू सांगितली. ठाम आवाजात सांगितली. माहीत नसलेली गोष्ट ठामपणे सांगणाऱ्यांचा मी जन्मभर तिरस्कार केला आहे.

त्यांनी ती बाजू धुंडाळायला घेतली. आणि बोट विमानतळाजवळच्या द्वीपकल्पाच्या नेमक्या दुसऱ्या अंगाला होती, हिमाकाजिमा बेटाच्या वाटेवर. थंडी सुरू झाली की तिथे समुद्रात नोरीची, म्हणजे खायच्या शेवाळाची, जाळी लावतात. नकाशावर पाहिली असती, कोणालाही विचारलं असतं, तर कळलं असतं. हे थेट त्यांत शिरले. पंख्यात दोर गुंडाळला, इंजिन बंद पडलं. नांगर टाकला, तो दोरासकट तळाला गेला. आणि ओहोटी बोटीला जाळ्यांतून सोडवून हळूहळू इरागोच्या बाजूला नेऊ लागली, जिथून मोटारी वाहून नेणारी प्रचंड जहाजं जातात. अशा जहाजाच्या सुकाणूकक्षातून समोरची लहान बोट कशी दिसते, हे तुम्ही मला एकदा जेवताना सांगितलं होतं: दिसत नाही. गाडीजवळ उभी राहून मी दुसरं काहीही आठवू शकत नव्हते.

नोरीच्या शेतावरून परतणाऱ्या कोळ्यांना ते दिसले. त्यांनी दोर टाकून ओढत आणलं, अंधार पडायच्या थोडं आधी. मुलगी चिंब, ओठ निळे, जॅकेटाचे पट्टे जसेच्या तसे. “हेइकी,” ती म्हणाली, काही झालं नाही मला. मित्र खाली उतरला. ज्यांची जाळी फाडली त्यांच्यासमोर तो धड वाकलाही नाही, माझ्याकडे पाहून म्हणाला, “काय वहिनी! ॲडव्हेंचर झालं की नाही?” नवरा म्हणाला, “जाऊ दे ना आता, सुखरूप आलो ना.” आणि काकू समोरच्या कोनबिनीतून, चोवीस तास उघड्या दुकानातून, मिठाचं पाकीट घेऊन आल्या आणि तिघांची दृष्ट काढू लागल्या. पंख्यात दुसऱ्याचं कष्टाचं जाळं अडकलेलं, नांगर समुद्राच्या तळाशी, जॅकेटं अजून प्लास्टिकमध्ये, आणि दोष कोणाचा, तर दृष्टीचा! कोळी टोप्या काढून आदराने पाहत राहिले. त्यांना वाटलं असावं, आमचा काही शुद्धीचा विधी आहे. मला त्या सगळ्यांचा वीट आला, बाबा, अगदी शारीरिक, ओकारी यावी तसा. मी बोटीत पाऊलही ठेवलं नव्हतं, आणि मला बोट लागली होती.

गाडीत मुलीला घोंगडीत गुंडाळलं तेव्हा ती म्हणाली, “आई, तू विचारलंच नाहीस.”

“काय?”

“कुठे जातोय ते. मी सांगणार होते. काका म्हणाले होते, बेटावर ताको खायचा. ऑक्टोपस. मी उभी होते ना, तू विचारशील म्हणून.”

नवऱ्याला मी घरी आल्यावर सांगितलं की कोरियाचा विषय या घरात पुन्हा निघणार नाही. त्याने वाद घातला नाही. मित्र, ऐकते की, तोक्योतल्या ओजिमाच्या, आपल्या लोकांच्या वस्तीतल्या, कोणा दोघांना तयार करतो आहे. त्यांच्या बायकांची नावं मिळवून त्यांना मी फोन करणार आहे, आणि आगाऊ ठरणार आहे.

एवढं लिहून थांबता आलं असतं. पण तुम्ही अर्धं उत्तर चालवून घेत नव्हतात. तुम्ही ऑपरेशनला निघालात त्या दिवशीही दारात थांबला होतात. मी क्योतोहून आले होते. मी विचारलं, “कुठे?” तुम्ही इस्पितळ सांगितलंत, मजला सांगितलात, आणि म्हणालात, “गुरुवारी संध्याकाळी, चहाला घरी.” तुम्ही बुधवारी गेलात. गुरुवारी संध्याकाळी मी चहा केला, घरात माणसं भरलेली असताना केला, आणि एक तास वाट पाहिली. तास संपल्यावर फोन कोणाला करायचा, ते मात्र तुम्ही सांगून ठेवलेलं नव्हतंत. तुमच्या इतक्या वर्षांच्या वेळापत्रकातली ती एकच चूक, आणि ती मी तुम्हाला अजून माफ केलेली नाही. त्यानंतर निघणाऱ्या कोणालाही मी तो प्रश्न विचारलेला नाही. नवऱ्याला वाटतं, मी विश्वास टाकते.

आज सकाळी मुलगी शाळेला निघाली. दारातल्या पायरीवर बसून बूट घातले, “इत्ते किमास” म्हणाली, जाऊन येते, आणि दार न उघडता उभी राहिली. मी हात पुसत बाहेर आले.

“कुठे?” मी विचारलं.

“शाळेत,” ती म्हणाली, जणू मीच बावळट. मग तिने जरा विचार केला. “साडेतीनला घरी.”

आता तीन वाजत आले आहेत, आणि मी ऑफिसला न जाता हे लिहीत बसले आहे. काकूंच्या अडाणीपणाविषयी मी शनिवारपासून प्रत्येकाला सांगितलं, फोनवर आईलाही. एक गोष्ट कोणाला सांगितलेली नाही, आणि हे पत्र कुठेही जाणार नाही म्हणून लिहिते: धक्क्यावर त्यांनी माझं मनगट धरलं, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं.