चित्रावर दिलेला अंगठा

सौ. नलिनीस,

टार्निटहून आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे नाकतोंड झाकून सुखरूप आहोत. विमानं अजून बंद आहेत, पण तू घोर लावून घेऊ नकोस. तो मी लावून घेतला आहे. तुला लस मिळाली का?

आपल्या अनुपच्या घराच्या उजवीकडे वेल्सच्या ग्वेनबाई राहतात, इंग्लंडच्या म्हटलं की रागावतात. डावीकडे चीनचे लिनसाहेब. दोघंही चित्रकार. लॉकडाउनमध्ये भेटता येत नाही, म्हणून एकच कागद आपल्या कुंपणांवरून फिरतो. बाई त्यांच्या गावचे डोंगर काढतात, साहेब त्यावर शाईचे ढग. ने-आण माझ्याकडे. मी कागद दोन दिवस उन्हात ठेवूनच पुढे देतो.

काल चित्र पुरं झालं. लिनसाहेबांनी कोपऱ्यात लाल शिक्का मारला आणि अनुपच्या ईशानीकरवी मला सांगितलं, "तुमचाही हात लागलाय. शिक्का नसेल तर अंगठा द्या."

मी दोन्ही हात पाठीमागे घेतले. परक्या देशात कागदावर अंगठा! उद्या अनुपचं घर गेलं तर?

"आजोबा, इट्स जस्ट आर्ट!" पोरीला काय कळतंय?

शेवटी दिला. पण खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं, "अंगठा फक्त चित्रापुरता. घर आणि व्हिसा यांच्याशी संबंध नाही."

लिनसाहेब वाकून म्हणाले, "आमच्याकडेही चित्रावर कविता लिहितात!" ग्वेनबाईंना प्रदर्शनासाठी त्या कवितेचा अर्थ हवा होता. ईशानी हसून लोळत होती. मीच घाबरून म्हटलं, "बायकोसाठी लिहिलंय."

कविता तुझ्यावरच का, हे विचारायला बाई तुला व्हिडिओ कॉल करणार आहेत. जरा लाजून हो म्हण.

तुझ्याच काळजीत,
गणपत