कौल घेऊन आले

धामापूर, ३ एप्रिल २०२५

चि. सौ. वर्षालीस, अ. उ. आ.

गवंडी मागची भिंत फोडतो आहे. चिऱ्याची लाल धूळ कागदावर पडते, ती झटकत लिहिते. न्हाणीघर आणि संडास एकदाचे घराला जोडून होणार. सासूबाईंचा गुडघा आता अंगण ओलांडू देत नाही. काजूचे पैसे आले, ते एवढ्याच कामाला पुरतील. पुढच्या पडवीवर यंदाही ताडपत्रीच.

परवा यांनी मोबाइलवर तुझ्या खोल्यांचे फोटो दाखवले. तीन खोल्या, प्रत्येकीला वेगळं न्हाणीघर, आणि आता म्हणे चौथी. मी छान म्हटलं. संध्याकाळी यांनी विचारलं, आमटीत मीठ दोनदा पडलं का.

रेडीला आपला भाऊ दत्तू माहेरच्या घरावर स्लॅब घालतो आहे. बाबांनी चढवलेली कौलं आता उतरतील. मला ती पडवीसाठी हवी आहेत. तुलाही हवी असणार. तू आधी मागू नकोस, मीही मागत नाही.

पत्र कृष्णाबाईच्या मासळीच्या टोपलीतून पाठवते. फोनवर आपण दोघी एकदम बोलतो आणि भांडण होतं.

लोभ आहेच, तो टिकेल असं वाग.

तुझी ताई
संचिता

देवबाग, ९ एप्रिल

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्राला बांगड्याचा वास होता, पण अक्षर लागलं.

फोटोंचं काय घेऊन बसलीस. त्या खोल्यांत आम्ही झोपत नाही. पुण्या-कोल्हापूरची माणसं झोपतात, आम्ही सगळे स्वयंपाकघरात. परवा एकाने विचारलं, समुद्राचा आवाज रात्री बंद होतो का. हे म्हणाले, मालकाला विचारून सांगतो.

तुझ्याकडचा पाहुणा जेवून पाया पडतो. माझ्याकडचा चादरीला नाक लावून बघतो. मे महिन्यात आमची विहीर खारट झाली की मी तुझ्या विहिरीचा विचार करते. तो विचार चांगला नसतो.

चौथ्या खोलीवर काय घालायचं यावर घरात वाद चालू आहे. पत्रा स्वस्त, पण दुपारी माणूस आत शिजतो. पाहुण्यांना कौलारू आवडतं.

रविवारी रेडीला जाऊन कौल घेऊन आले. जिवाला बरं वाटलं. बाकीचं भेटीत सांगेन, लिहिण्यासारखं नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

धाकटी
वर्षाली

धामापूर, १४ एप्रिल

वर्षालीस,

आशीर्वाद लिहायला हात उठला नाही.

कौल घेऊन आलीस. शाळेपासून तुझी टिंबं राहतात, याही वेळी राहिलं. तरी मला वाचता आलं. जिवाला बरं वाटलं, तेही वाचलं.

पाऊस लागायच्या आधी बाबा छपरावर असायचे, मी शिडीवर, तू खाली. फुटलेलं कौल माझ्या हातून खाली यायचं, नवं माझ्या हातून वर जायचं. ताईलाच का शिडी, म्हणून तू रडायचीस. आता सगळीच तुझ्या हाती आली. घाल पर्यटकांच्या डोक्यावर.

दत्तूला मी विचारलं नाही. वर्षालीने नेली, हे त्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

गवंड्याला थांबवलं. भिंतीतलं भगदाड बुजवून घेतलं. न्हाणीघराच्या पैशांतून नवी मंगलोरी कौलं आणली, वाशांचं लाकूड सांगितलं. पडवी तुझ्या खोलीपेक्षा रुंद होणार आहे. सासूबाई काठी शोधत म्हणाल्या, "पडवी बरी दिसतली गो. माका मात्र मागल्या दारानच जावचा लागतला."

फोन करू नकोस. उचलणार नाही.

संचिता

देवबाग, १६ एप्रिल

ती. ताईस, सा. न.

कौलं नव्हेत गो. कौल. देवीचा कौल. जन्मात एकदा शब्द बरोबर लिहिला, तर तू त्यावर टिंब घालून वाचलास.

दत्तूनेच बोलावलं होतं. दोन बहिणी आणि कौलं एका घराची, मी कोणाला देऊ, म्हणाला. म्हणून देवळात गेलो. गुरवाने गाऱ्हाणं घातलं आणि मूर्तीला दोन्ही बाजूंनी पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर थोरलीची, डावी पडली तर धाकटीची. तुला आधी कळवलं नाही, कारण मला वाटत होतं डावी पडेल.

उजवी पडली. मी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा उजवी. आणखी एकदा म्हटलं, तेव्हा गुरव म्हणाला, "बाये, देवीक आणि कितके येळा इचारतलंस?"

मग उठले. जिवाला बरं वाटलं असं लिहिलं, ते खोटं. भेटीत सांगणार होते, कारण कौलं तुझी झाली हे कागदावर लिहवत नव्हतं.

ती अजून दत्तूच्या परसात रचून ठेवलेली आहेत. उद्या सकाळी टेम्पो ती घेऊन तुझ्याकडे येईल. तुझी नवी चढली नसतील तर त्याच टेम्पोत भरून इकडे पाठव. काय पडले ते पैसे ड्रायव्हरकडे देते. लाकूड राहू दे, ते तुला लागेलच. गवंड्याला परत बोलाव. म्हातारीला अंगण ओलांडायला लावून केलेली पडवी मला बघायची नाही.

राग उतरला की चार ओळी लिही. नाही उतरला तर दोन.

वर्षाली

धामापूर, १७ एप्रिल

चि. सौ. वर्षालीस, अ. उ. आ.

सकाळी टेम्पो आला. बाबांची कौलं उतरवून घेतली. काळी पडली आहेत, काहींवर शेवाळ आहे, थोडी वाटेत फुटली. नवी भरताना मी एकेक हातात घेऊन बघितलं. लालभडक आहेत, एकही वाकडं नाही. तुझ्या खोलीवर चांगली दिसतील. हे वाक्य लिहायला मला वेळ लागला.

त्यातली दोन मी बाजूला काढून ठेवली होती. टेम्पो वळत होता, तेव्हा तीही चढवली.

गवंडी आला आहे. मागची भिंत पुन्हा फोडतो आहे.

ताई