माझ्यामागे खुर्चीची बॅटरी

लिहून ठेवणार मी, पंखे-मिक्सर दुरुस्त करणारी बाई, वय एकाहत्तर. शरीर थकलं आहे, डोकं ठिकाणावर आहे. तसं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे, धाकट्या भावाला शंका असली तरी. कोणाच्याही दडपणाविना, स्वखुशीने, माझ्या पश्चातची व्यवस्था अशी:

१. राहतं घर, खालचं दुकान आणि बँकेतली ठेव माझ्या मुलाची. त्याला चालता येत नाही, हात थरथरतात. सही जमत नाही म्हणून कोणी त्याची अक्कल काढू नये. अंगठा चालतो.

२. त्याची चाकाची खुर्चीही त्याचीच. तिची बॅटरी मी टाकाऊ लॅपटॉपांतल्या लिथियम सेलची बांधली आहे. चार्ज करताना एखादा सेल आधी भरतो, दुसरा रेंगाळतो. भरलेल्यात आणखी वीज कोंबली तर तो फुगतो, पेटतोही. म्हणून प्रत्येक सेलला मी घरीच सर्किट करून लावलं. सेल भरला की त्याची जास्तीची वीज ते रेझिस्टरमध्ये जाळतं, तोवर मागचे भरतात. तेव्हा रेझिस्टर तापतो. तापणं हेच त्याचं काम आहे, हे भावाने दोनदा वाचावं.

३. कारण मी इस्पितळात असताना त्याच्या हाताला तो गरम लागला. "घर पेटवायला निघालीय ताई," म्हणत त्याने सर्किटच्या तारा कापल्या आणि बॅटरी तशीच चार्जिंगला ठेवली. मुलगा सांगत होता, "मामा, कापू नकोस." ऐकतो कोण? एक सेल फुगला. मग "बघा, मी म्हणतच होतो" असं सगळ्या नात्यात सांगत सुटला. मी घरी येईपर्यंत खुर्ची बंद आणि माझं लेकरू खाटेवर पडून होतं. खिडकीपर्यंतसुद्धा जाता आलं नाही त्याला. हे मी विसरलेले नाही.

४. तरीही माझा सोल्डरिंग आयर्न, मीटर आणि सुट्ट्या भागांचे डबे भावालाच. काय करू, दुसरं आहे कोण? हात त्याचा स्थिर आहे आणि भाच्यावर जीव आहे. अट एकच: मुलगा मीटर वाचेल आणि सांगेल तिथेच हात लावायचा. परवा एक जळका रेझिस्टर दोघांकडून बदलून घेतला. भाऊ म्हणाला, "लावू का?" मुलगा म्हणाला, "थांब मामा, आधी बॅटरी सोडव." तो थांबला. मी आत जाऊन रडले.

५. मुलगा कोणाकडे द्यायचा, अशी नात्यात विचारणा चालू आहे. त्याला मी कोणालाच देत नाही. तो माझ्या चीजवस्तूंत मोडत नाही. ज्याला त्याच्याजवळ राहायचं असेल त्याने त्याला विचारून त्याच्या घरात राहावं.

६. आता जे कोणाच्याच नावे करता येत नाही ते. आपल्यामागे लेकरं सुखात राहावीत, असं इतर आया मागतात. मी आयुष्यभर जे मागितलं ते तोंडाने बोलवत नाही. त्याच्यानंतर मला एक दिवस जास्त मिळावा, एवढंच. तो मिळत नाही असं डॉक्टर म्हणाले, म्हणून हे लिहायला बसले.

वरचं सगळं पुन्हा वाचलं, काही खोडलं नाही.

सही: मुलाची आई

आमच्यासमोर सही झाली, साक्षीदार:
१. डॉक्टर
२. शेजारच्या शिंपीणबाई

स्थळ: दुकानामागची खोली
दिनांक: ९ मार्च, शनिवार